फूल कोमेजायच्या आत: तैलरंगात फुलं रंगवण्याची रीत

जास्वंद सकाळी उमलते आणि अंधार पडायच्या सुमारास मिटते. तैलरंगाचा बेताचा थर बोटाला न लागण्याइतका वाळायला आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात आठवडा, कधी दहा दिवसही लागतात. तेलात फुलं रंगवताना ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक या दोन वेळांचा मेळ न बसल्यामुळं येतात. हात चांगला असलेली मुलंसुद्धा इथंच अडकतात. फूल सुकत जातं, रंग ओलाच राहतो, त्यावर पुन्हा रंग चढतो आणि कॅनव्हासवर चिखल होतो. फुलाकडून आज काय घ्यायचं, उद्यावर काय ठेवायचं आणि फूल गेल्यावरही काय करता येतं, हे ब्रश उचलण्याआधी ठरवलं की काम हाती लागतं.

मी टिळकवाडीत राहते. परसात जास्वंदीची दोन झाडं आणि एक अनंत, कुंड्यांत शेवंती. बाकीची फुलं बाजारातून येतात. जलरंगही मला आवडतो, पण जास्वंदीच्या पाकळीतून ऊन आरपार येतं तेव्हाचा तो पेटलेला लाल मला तेलातच सापडला. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाच्या तेलात हे रंग घोटलेले असतात. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि रंगद्रव्याभोवती काचेसारखा पारदर्शक थर धरतं. पाकळीचा ओलावा दाखवायला यासारखं माध्यम माझ्या तरी पाहण्यात नाही.

फूल निवडताना त्याचं आयुष्य बघा

सुरुवातीला सगळे गुलाब घेतात. माझं ऐकाल तर गुलाब चौथा-पाचवा घ्या. खोलीतल्या उबेनं तो तासातासाला उघडत जातो, आणि दुपारी तुमच्यासमोर सकाळचं फूल राहिलेलं नसतं.

पहिलं चित्र शेवंतीचं करा. देठ तिरका कापून रोज पाणी बदललं तर ती आठवडाभर टिकते आणि तिचा आकार फारसा बदलत नाही. झेंडूही तसाच सोशिक. निशिगंधाच्या दांडीवर फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून खालची आज रंगवावीत आणि वरच्या कळ्यांना हात लावू नये. परवा त्या फुलं झालेल्या असतात. जास्वंद एका बैठकीची. सोनचाफ्याच्या पाकळीला बोट लागलं की तिथं तपकिरी डाग पडतो, तेव्हा तो देठानंच उचलायचा. मोगरा दिवसभरात मलूल होतो. ब्रह्मकमळ रात्री उमलून सकाळी मान टाकतं. त्याचं दिव्याच्या उजेडात भरभर रेखाटन आणि रंगांच्या नोंदी कराव्यात, चित्र नंतर.

गणपत गल्लीत सकाळी लवकर गेलात तर निवडायला वाव मिळतो. फुलं विकणाऱ्या अक्कांना आपण काय करणार ते सांगून टाकावं. ‘हाराला नको, चित्राला पाहिजे, देठ लांब ठेवा’ म्हटलं की त्या स्वतःच चांगली दांडी शोधून देतात. नावं मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत माहीत असलेली बरी. अबोलीला कनकांबर, जास्वंदीला दासवाळ, शेवंतीला सेवंतिगे. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून अबोलीचा गजरा मोजताना बघितला की त्या केशरी रंगाचं खरं रूप कळतं: एकटं फूल फिकट, गजऱ्यात मात्र निखारा.

रानातलं फूल तोडू नये. जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेवर पावसाळ्यात कळलावी फुलते. ती विषारी आहे, तिचा कंद तर जास्तच. तिथंच बसून रेखाटावी.

उजेड

चित्रकलेची पुस्तकं उत्तरेची खिडकी घ्या म्हणतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही. ती पुस्तकं युरोपात लिहिलेली. बेळगाव जवळपास १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इथं भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरतं. माझी पहिली दोन उन्हाळी चित्रं यानंच बिघडली. फुलाची सावली एका बाजूची, पानांची दुसऱ्या बाजूची. आता मेमध्ये मी खिडकीला जुन्या पांढऱ्या धोतराचा पडदा लावते आणि अकराच्या आत उठते.

जून लागला की ढग हा प्रश्न सोडवून टाकतात. पावसाळी आभाळाचा उजेड मऊ असतो, तासन् तास फारसा हलत नाही, आणि त्यात फुलांचे रंग उन्हातल्यापेक्षा भरलेले दिसतात. फुलांसाठी आमच्याकडचा सगळ्यात चांगला उजेड जून ते सप्टेंबरचा, आणि रंग वाळायला सगळ्यात वाईट हवाही तीच. त्यावरचे उपाय पुढं सांगते.

एकाच बाजूनं उजेड येऊ द्या. खोलीतला दिवा बंद करा. फूल डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली ठेवा, मागं करड्या किंवा मातकट रंगाचं कापड. भांडं साधंच. खानापूरकडचं मातीचं भांडं निशिगंधाच्या पांढऱ्या फुलांना फार शोभतं, पण लाल जास्वंदीशेजारी ते भांडायला लागतं. तिथं पितळेचा तांब्या किंवा काचेचा पेला बरा.

सामान

कॅनव्हास १० × १२ किंवा १२ × १६ इंचांचा पुरे. कोऱ्या कापडावर तैलरंग कधीच लावू नका. तेलानं धागा कुजतो. जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, आणि मधे बारीक सँडपेपर फिरवा. तयार मिळणारा स्वस्त कॅनव्हास बरेचदा तेल शोषतो आणि रंग मेल्यासारखा दिसतो. त्यालाही एक हात जादा द्यावा. पावसाळ्यात काम करणार असाल तर जेसो लावलेला हार्डबोर्ड घ्या, तो दमट हवेत ढिला पडत नाही.

रंग मी आठच वापरते: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, परमनंट रोझ, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर. काळा नाही. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी रंगद्रव्य असतं. शिकताना ते चालतं, किंमतही कमी असते.

गुलाबी रंगाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण फुलं रंगवणाऱ्याला याचाच फटका बसतो. व्हॅन गॉग या डच चित्रकारानं १८९० च्या मे महिन्यात फ्रान्समधलं सेंट-रेमी सोडण्याआधी गुलाबांची चित्रं रंगवली. ते गुलाब मुळात गुलाबी होते. त्यातला लाल लेक रंग (रंगीत अर्कापासून केलेला पारदर्शक रंग) उजेडानं उडाला आणि आज ते जवळजवळ पांढरे दिसतात. अलिझरिन क्रिमझन, म्हणजे ट्यूबवर पीआर ८३ असा क्रमांक असलेला रंग, पांढऱ्यात पातळ मिसळला की असाच फिका पडतो. त्याऐवजी पीव्ही १९ क्रमांकाचा परमनंट रोझ घ्या, तो टिकतो. ट्यूबवरचं नाव कितीही छान असो, हा बारीक क्रमांक वाचायची सवय लावा. तसंच झिंक व्हाइट काही वर्षांनी ठिसूळ होतो, म्हणून मुख्य पांढरा टायटॅनियमच.

जवसाचं तेल चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातलं, शुद्ध केलेलं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे ‘बॉइल्ड’ जवस तेल, दारं-खिडक्यांसाठी ठीक, चित्रात ते काळवंडतं. ब्रश: हॉगचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, ६ आणि ८ नंबरचे चपटे, एक ४ नंबरचा फिल्बर्ट (चपटा पण गोल टोकाचा), एक मऊ २ नंबरचा गोल. रंग मिसळायला सुरी. पॅलेट म्हणून काचेच्या तुकड्याखाली करडा कागद ठेवा, कडा घासून घ्या.

एका सकाळची जास्वंद

आदल्या संध्याकाळी झाडावर जा आणि फुगलेली, पाकळ्यांचा पीळ दिसणारी कळी हेरून ठेवा. ती उद्याचं फूल. त्याच संध्याकाळी कॅनव्हासवर रॉ अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन टर्पेंटाईनमध्ये पातळ करून चोळा आणि चिंधीनं पुसून घ्या. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर कुठलाही रंग गडद वाटतो आणि अंदाज चुकतो. या करड्या तळावर लाल रंग लगेच खरा दिसतो. पानांचा हिरवा आणि पार्श्वभूमीचा रंगही रात्रीच मिसळून ठेवा. सकाळचा वेळ फक्त लालसाठी.

सातला फांदी तोडा, दोन पानं ठेवा. जास्वंद पाण्याशिवायही दिवसभर उघडी राहते, पण पानं मान टाकतात, म्हणून पाण्यात ठेवावी. फूल अर्धवट वळलेलं ठेवा. अगदी समोरून बघितलेली जास्वंद ताटलीसारखी दिसते.

आता बघा, खरं बघा. पाच पाकळ्या नरसाळ्यासारख्या आत जातात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, साडीच्या निऱ्या एकाच बाजूला पडाव्यात तशी. हा क्रम चुकला की फूल कागदाचं होतं. मधला दांडा नरसाळ्याच्या बरोबर तळातून निघायला हवा. त्याच्या अंगावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच लाल ठिपके. दांडा चुकीच्या जागेवरून निघालेली जास्वंद मी प्रदर्शनांतही बघितली आहे.

पातळ अंबरनं वीस मिनिटांत रेखाटन. आधी नरसाळ्याच्या तोंडाचा लंबगोल, मग दांड्याची दिशा, मग पाकळ्या. ही दहा-बारा रेघांची गोष्ट आहे.

मग डोळे किलकिले करा आणि फुलाचे तीनच भाग शोधा: उजेड, सावली, आणि जिथून ऊन आरपार येतं तो भाग. सावली आधी. परमनंट रोझमध्ये थोडा अल्ट्रामरीन, थोडा बर्न्ट सिएना. काळा मिसळला तर लाल मरतो. मग मधला लाल, कॅडमियम रेड आणि रोझ निम्मे निम्मे. आरपार उजेडाच्या जागी कॅडमियम रेडमध्ये कॅडमियम यलो, आणि तिथं पांढऱ्याचा कणही नको. लालमध्ये पांढरा गेला की तो गुलाबी होतो आणि थंडावतो, उजळत नाही. चित्र शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मला हे दोनदा तरी सांगावं लागतं. पांढरा फक्त पाकळीच्या वाकलेल्या पाठीवर, जिथं आभाळाचा उजेड पडतो, तिथं रोझमध्ये मिसळून निळसर गुलाबी पट्टा म्हणून येतो. तोही एकदा ब्रश टेकवून उचलायचा.

लाल अजून ओला असतानाच पार्श्वभूमी त्याच्या कडेपर्यंत आणा. सावलीकडची कड पार्श्वभूमीत विरघळू द्या, उजेडाकडची एखादीच कड धारदार ठेवा. सगळ्या कडा सारख्या कापल्या तर फूल कात्रीनं कापून चिकटवलेलं दिसतं.

पानांसाठी ट्यूबमधला हिरवा नको, तो प्लास्टिकसारखा पडतो. अल्ट्रामरीन, कॅडमियम यलो आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. जास्वंदीचं पान चकचकीत असतं. त्यावर आभाळ पडतं, म्हणून वरच्या बाजूला निळसर करडा रंग चक्क दिसतो. तो धीटपणे लावा. दांडा आणि पराग शेवटी, कॅडमियम यलोचे जाड ठिपके.

अकराला थांबा. मधे फूल हललं, पाकळी वळली तरी चित्रातली पाकळी बदलायची नाही. साडेआठला जे ठरवलं तेच शेवटपर्यंत. बेळगावला के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली चित्रकारांची एक परंपरा घडली, रवी परांजपे त्यातलेच. समोरची वस्तू नीट बघून रंगवायची ही इथली शिस्त आहे. पण फुलाच्या बाबतीत नीट बघणं म्हणजे एका क्षणाचं बघणं धरून ठेवणं, हे मला फार उशिरा उमगलं.

पिवळं आणि पांढरं

शेवंतीच्या शेकडो पाकळ्या मोजत बसू नका. आधी तो लाडूसारखा गोळा आहे असं समजून उजेड, मधला आणि सावली असे तीन पिवळे लावा. पिवळ्यात काळा गेला की हिरवं होतं, म्हणून सावलीला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, आणि फार गडद जागी रोझ व अल्ट्रामरीनचा जांभळा किंचित. पाकळ्या फक्त बाहेरच्या कडेला आणि उजेड-सावली भेटतात त्या पट्ट्यात दाखवा. बाकीच्या बघणाऱ्याचा डोळा स्वतः भरतो.

पांढऱ्या फुलात पांढरा रंग सगळ्यात कमी लागतो. अनंताचं फूल पांढऱ्या कागदाशेजारी धरून बघा: सावलीत ते करडं, पानांजवळ हिरवट, जुनं होईल तसं पिवळसर. अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि पांढरा यांतून असे चार-पाच करडे तयार करा, सगळं फूल त्यातच उभं करा, आणि निव्वळ पांढरा शेवटच्या पाच मिनिटांत दोन-तीन ठिकाणीच. पार्श्वभूमी मध्यम गडद असेल तरच हे जमतं.

अनेक दिवसांचं चित्र

शेवंती, निशिगंध किंवा मोठा गुच्छ चार-पाच बैठकांत होतो. इथं एकच नियम कसोशीनं पाळा: खालचा थर तेलानं कमी, वरचा जास्त. पहिला थर टर्पेंटाईननं पातळ केलेला, दुसरा ट्यूबमधून येईल तसा, तिसऱ्यात जवसाच्या तेलाचे थोडे थेंब. तेल जास्त असलेला थर सावकाश वाळतो आणि लवचीक राहतो. तो खाली गेला आणि वरचा आधी कडक झाला, तर काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. कुठला रंग कधी वाळतो हेही वेगळं असतं. अंबर दिवस-दोन दिवसांत, तर परमनंट रोझ आणि कॅडमियम आठवडाभर ओले.

दुसऱ्या बैठकीला आधीचा रंग काही ठिकाणी विझल्यासारखा दिसेल. त्यावर नवा रंग फासू नका. थर वाळला असेल तर अगदी थोडं तेल बोटानं चोळा, चिंधीनं पुसा. मूळ रंग परत दिसतो.

आणि अभ्यास साठवा. रॅचेल राउश (१६६४–१७५०) या डच चित्रकर्तीच्या गुच्छांत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकत्र दिसतात. ती एका वेळी टेबलावर असणं शक्यच नव्हतं. मीही हस्तपत्रकाएवढ्या बोर्डांवर एकेका फुलाचे अभ्यास करते. बहावा एप्रिल-मेमध्ये, जास्वंद जुलैत, शेवंती दसऱ्यानंतर. माझ्याजवळच्या एका गुच्छात बहावा आणि शेवंती शेजारी आहेत.

पाऊस, वाळणं आणि चिंध्या

दमट हवेत कापडाचा कॅनव्हास ढिला पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या खुंट्या हलक्या हातानं ठोका, पण फार ताणू नका. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तो आपोआप ताणला जातो. ओलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं तर पाठीमागं बुरशी येते. दोन लाकडी पट्ट्या लावून अंतर राखा. पेटीत किंवा कपाटात तर मुळीच नको. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. मी एकदा चार चित्रं पावसाभर ट्रंकेत ठेवली होती आणि पांढरे निशिगंध हळदीचे होऊन बाहेर आले. खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, महिनाभर ठेवल्यावर पिवळेपणा बराच गेला.

जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, गोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाईनचं काम खिडकी उघडी ठेवून. वापरलेलं टर्पेंटाईन बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं निवळ पुन्हा वापरा, गाळ मोरीत ओतू नका. कॅडमियमचे रंग हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणानं धुवा, आणि वाळलेला थर सँडपेपरनं घासू नका.

वार्निशला घाई नको. पातळ चित्राला सहा महिने, जाड रंगाच्या चित्राला वर्ष. तोवर चित्राच्या पाठीवर पेन्सिलनं लिहून ठेवा: तारीख, कुठलं फूल, कुठल्या खिडकीत, किती वाजता सुरुवात केली, कुठले रंग क्रमांकासकट, आणि कुठल्या थरात तेल किती घातलं. वर्षानं वार्निशचा डबा उघडताना सगळ्यात आधी तेच वाचावं लागतं.